परीक्षा ज्ञानाची की दृष्टीची?
अंध उमेदवार आणि संगणक-व्यवसायाची प्रमाणपत्रे

१. विषयप्रवेश

धान्य तोलण्यापूर्वीच तराजूच्या एका पारड्याला चिखल लागलेला असेल, तर वजन चुकते. ही चूक धान्याची नसते, तराजूची असते. परीक्षा हाही एक तराजूच आहे. उमेदवाराच्या अंगी विशिष्ट ज्ञान व कौशल्य किती आहे, एवढेच तिने मोजावयाचे असते. जे मोजावयाचे नाही त्याचे वजन मापनात मिसळले, तर निकाल कितीही काटेकोरपणे छापलेला असला तरी तो विश्वासार्ह राहत नाही.

संगणकाच्या व्यवसायात परीक्षांना आज मोठे महत्त्व आले आहे. संगणकांची जाळी उभारणे, सर्व्हरची देखभाल करणे, माहितीचे संरक्षण करणे अशा कामांवर नेमणूक करताना उद्योगसंस्था विद्यापीठाच्या पदवीबरोबरच एखाद्या व्यावसायिक प्रमाणपत्राचीही अपेक्षा करतात. कॉम्पटिया या संस्थेची ‘ए प्लस’ ही परीक्षा १९९३ साली व सिस्को या कंपनीची ‘सीसीएनए’ ही परीक्षा १९९८ साली सुरू झाली. अशा अनेक परीक्षा आता जगभर घेतल्या जातात आणि होतकरू तरुणाला त्या नोकरीचे दार उघडून देतात.

आता अंध व्यक्तीचा विचार करू. संगणकाचे पुष्कळसे काम मजकुराचे असते. आज्ञा लिहावयाच्या, नोंदी वाचावयाच्या, चूक कोठे आहे ते शोधावयाचे आणि ती दुरुस्त करावयाची. मजकूर डोळ्यांप्रमाणेच कानांनी व बोटांनीही वाचता येतो. तेव्हा जे व्यवसाय अंधांना सहज आपलेसे करता यावेत त्यांत या व्यवसायाची गणना व्हावयास हवी. असे असूनही, काम करण्यास समर्थ असलेला अंध उमेदवार कित्येकदा कामापर्यंत पोहोचण्याआधी परीक्षेच्या दाराशीच अडतो. भारताच्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २ कोटी ६८ लक्ष व्यक्तींची नोंद अपंग म्हणून झाली होती, आणि त्यांपैकी सुमारे ५० लक्ष व्यक्तींचे अपंगत्व दृष्टीचे होते. म्हणून हा प्रश्न मूठभरांचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

ही अडचण नेमकी कोठे उत्पन्न होते, तिच्यामागे कोणती यंत्ररचना असते आणि ती कशी दूर करता येते, याचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत करावयाचा आहे.

२. अक्षराची तीन रूपे

अक्षर म्हणजे कागदावरील शाईची रेघ, अशी आपली समजूत असते. ती पुरी नाही. फ्रान्समधील लुई ब्रेल (जन्म १८०९) याला बालपणीच अंधत्व आले. शार्ल बार्बिये नावाच्या अधिकाऱ्याने अंधारात वाचता यावी अशी उठावदार टिंबांची एक लिपी योजली होती. तीत सुधारणा करून १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, ब्रेलने आपली लिपी सिद्ध केली. तिच्या प्रत्येक घरात सहा टिंबांच्या जागा असतात. प्रत्येक जागी टिंब असेल किंवा नसेल, असे दोनच पर्याय. म्हणून एकूण आकृत्या दोनाचा सहावा घात, म्हणजे ६४ होतात. त्यांतील एक पूर्णपणे रिकामी सोडली, तर ६३ आकृत्या वापरास उरतात. भारतीय भाषांसाठी एकच सामाईक लिपी असावी म्हणून १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. मराठीचे ब्रेललेखन तिच्यातच होते.

ब्रेलने केलेले मोठे कार्य असे की, अक्षराचे डोळ्यांशी असलेले अतूट वाटणारे नाते त्याने तोडून दाखविले. संगणकाने याच मार्गावर पुढचे पाऊल टाकले. संगणकाच्या स्मृतीत अक्षराची आकृती साठविलेली नसते, क्रमांक साठविलेला असतो. युनिकोड नावाच्या जागतिक संकेतावलीत देवनागरी ‘अ’ या अक्षराचा क्रमांक २३०९ आहे. या क्रमांकावरून पडद्यावर ‘अ’ची आकृती काढता येते, ध्वनियंत्रातून ‘अ’चा उच्चार करविता येतो, आणि टिंबे वर उचलणाऱ्या ब्रेल-पट्टीवर ‘अ’ची टिंबेही उमटविता येतात. या तिन्ही रूपांत एक मूळ आणि दोन नकला असा भेद नाही. तिन्ही रूपे एकाच क्रमांकाची आहेत. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच असल्यामुळे वाचकांनी हा मुद्दा नीट ध्यानात ठेवावा.

३. पडदा बोलतो कसा?

पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीला ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. आयबीएम कंपनीत जिम थॅचर यांनी १९८६ च्या सुमारास असा एक स्क्रीन रीडर तयार केला. स्वतः अंध असलेल्या टेड हेंटर यांच्या संस्थेने १९८९ साली ‘जॉज’ ही आज्ञावली बाजारात आणली. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ या आज्ञावलीचे काम आरंभिले. ती विनामूल्य मिळते, आणि त्यामुळे जेथे महागड्या साधनांसाठी पैसा नाही अशा देशांतही ती पोहोचली आहे.

प्रारंभीच्या संगणकांच्या पडद्यावर केवळ अक्षरांच्या ओळी असत. त्या वाचणे यंत्राला सोपे होते. पुढे खिडक्या, चित्रे आणि माऊस यांचे युग आले व काम अवघड झाले. चित्र पाहून डोळस माणसाला ‘हे छापण्याचे बटण’ असा बोध होतो, परंतु यंत्राच्या लेखी तो रंगीत ठिपक्यांचा समूह असतो. ही अडचण दूर करण्यासाठी संगणकाची कार्यप्रणाली पडद्यावरील प्रत्येक वस्तूची एक अदृश्य नोंद ठेवते. त्या नोंदीत तीन प्रमुख गोष्टी असतात: वस्तूचे नाव, तिचे कार्य आणि तिची स्थिती. उदाहरणार्थ, ‘पुढील प्रश्न’ हे नाव, ‘बटण’ हे कार्य आणि ‘वापरता येते’ ही स्थिती. स्क्रीन रीडर या नोंदी वाचतो. पान तयार करणाऱ्याने नोंद नीट भरली असेल तर अंध व्यक्तीला ‘पुढील प्रश्न, बटण’ असे ऐकू येते. नोंद कोरी ठेवली असेल तर केवळ ‘बटण’ एवढाच शब्द कानी पडतो. एका पानावर अशी पाच बटणे असली, तर ‘बटण, बटण, बटण’ ऐकून कोणते दाबावे, हे बृहस्पतीलाही सांगता येणार नाही.

या संदर्भात पुण्यात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचे कार्य सांगितले पाहिजे. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ साली झाला. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकून ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९९४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. गणिताची गुंतागुंतीची सूत्रे ऐकून समजतील अशा रीतीने बोलून दाखविणारी पद्धती, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९९५ साली त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. पडद्यावर उमटलेले रूप वाचीत बसण्याऐवजी त्या रूपामागील माहितीच थेट बोलून दाखवावी, हे तिचे मुख्य तत्त्व होय. दिनदर्शिकेचे पान असेल तर ‘एक, दोन, तीन, चार’ असे आकडे वाचीत जाण्यापेक्षा, निवडलेला दिवस, वार व महिना सांगणे अधिक अर्थपूर्ण असते. माहिती आणि तिचे दृश्य रूप यांतील हा भेद परीक्षांच्या प्रश्नातही कळीचा आहे.

४. परीक्षेतील अडथळे

प्रमाणपत्र-परीक्षा आता बहुतांशी संगणकावरच होतात. त्यामुळे अंधांची सोय आपोआप व्हावी, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात पुढील अडथळे आढळतात.

पहिला अडथळा प्रश्नांच्या रूपाचा. एके ठिकाणी पडद्यावरील पट्ट्या माऊसने ओढून योग्य क्रमाने लावावयाच्या असतात, तर दुसरीकडे चित्रातील नेमक्या जागी टिचकी मारावयाची असते. संगणकजाळ्यांच्या अभ्यासात ओएसआय नावाचा सात थरांचा आराखडा शिकवितात. हे सात थर ओढून क्रमाने लावा, असा प्रश्न आला म्हणजे अंध उमेदवाराला थरांचा क्रम मुखोद्गत असूनही उत्तर देता येत नाही. येथे क्रमाचे ज्ञान मोजावयाचे होते, मोजले गेले ते माऊसचे कौशल्य. प्रत्येक थरापुढे १ ते ७ यांपैकी आकडा लिहा, असे विचारले असते तर ज्ञानाची कसोटी तीच राहिली असती.

दुसरा अडथळा बंदिस्त परीक्षा-आज्ञावलीचा. उमेदवाराने नक्कल करू नये म्हणून परीक्षेच्या काळात संगणकावरील इतर सर्व आज्ञावल्या बंद ठेवण्याची व्यवस्था असते. स्क्रीन रीडरचे काम पडद्यावरील सर्व मजकूर वाचून घेण्याचे. आणि प्रश्न चोरणारी आज्ञावलीही नेमके तेच करते. पहारेकऱ्याला दोघांतील फरक शिकविलेला नसेल, तर तो चोराबरोबर सावालाही बाहेर ठेवतो.

तिसरा अडथळा चमत्कारिक आहे. काही परीक्षांत उमेदवाराला दूर ठेवलेल्या संगणकावर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. हे काम केवळ अक्षरांच्या आज्ञांचे, म्हणजे अंधांना सर्वांत सोयीचे असते. परंतु दूरच्या संगणकाचा पडदा उमेदवाराच्या संगणकावर कित्येकदा चित्ररूपाने पाठविला जातो. डोळ्यांना तेथे अक्षरे दिसतात, पण स्क्रीन रीडरला मिळतात ते केवळ रंगांचे ठिपके. अक्षराचा क्रमांक वाटेतच हरवलेला असतो.

चौथा अडथळा दूरस्थ पर्यवेक्षणाचा. घरी बसून परीक्षा देताना पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून पाहत असतो. उमेदवाराची नजर पडद्यावर असावी आणि कानांत काही नसावे, असे नियम अशा परीक्षांत असतात. अंध व्यक्तीची नजर पडद्यावर खिळलेली असण्याचे कारण नाही, आणि कानांत ध्वनियंत्र असल्याविना तिला प्रश्नच कळणार नाही. जो नियम डोळस उमेदवाराच्या प्रामाणिकपणाची खूण म्हणून केला, तोच अंध उमेदवाराविषयी संशय उत्पन्न करतो.

पाचवा अडथळा परीक्षेच्या आधीचा, अभ्याससाहित्याचा. पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे काढून त्यांची संगणक-प्रत बनविली, तर तीत अक्षरांचे क्रमांक नसतात. अंधांना वाचता येतील अशा प्रती तयार करण्यास लेखनहक्काचा कायदाही पूर्वी आड येत असे. हा अडसर दूर करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली मोरोक्कोतील मराकेश येथे झाला, आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारे पहिले राष्ट्र भारत होते. पुस्तकांचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला, परंतु सरावाच्या प्रश्नसंचांचा व चलच्चित्रांतील पाठांचा प्रश्न शिल्लक राहिला. सरावाचे साधन वापरता येत नसेल तर परीक्षेची खरी रचना उमेदवाराला परीक्षेच्या दिवशीच प्रथम भेटते.

५. एका आकृतीचे उदाहरण

‘आकृती हा तर या विषयाचा प्राण, ती अंधांना कशी समजणार?’ असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. एक उदाहरण घेऊन त्याचा निर्णय करू.

अ, ब, क, ड असे चार राउटर आहेत. डोळस उमेदवारापुढे चार चौकोन व त्यांना जोडणाऱ्या रेषांची आकृती ठेवली जाते. अंध उमेदवाराला पुढील यादी देता येईल:

अ – ब
ब – क
क – ड
ड – अ
अ – क

प्रश्न असा: अ आणि क यांना जोडणारी तार तुटली, तर अ पासून क पर्यंत संदेश कमीत कमी किती जोडण्यांतून जाईल, आणि असे मार्ग किती?

यादीतील शेवटची ओळ वगळू. अ पासून निघणाऱ्या जोडण्या दोन उरतात: एक ब कडे, एक ड कडे. ब ची जोडणी क शी आहे, ड चीही क शी आहे. म्हणून संदेश दोन जोडण्यांतून जाईल, आणि मार्गही दोन: अ–ब–क व अ–ड–क. आकृतीत पाच रेषा होत्या, यादीत पाच ओळी आहेत. चौकोन कागदाच्या कोणत्या कोपऱ्यात काढला याला प्रश्नात महत्त्व नव्हते. कोण कोणाशी जोडलेला आहे, एवढ्यालाच होते. तेवढे सर्व यादीत आले आहे.

याच जाळ्याला १९२.१६८.१०.० हा पत्ता व २६ अंकांचा उपसर्ग दिला आहे असे समजू. एका पत्त्यात द्विमान पद्धतीचे ३२ अंक असतात. २६ वजा करता ६ उरले. दोनाचा सहावा घात ६४. त्यांतील पहिला पत्ता जाळ्याच्या नावासाठी व शेवटचा सर्वांना उद्देशून पाठवावयाच्या संदेशासाठी राखून ठेवल्यावर, यंत्रांना देण्यासाठी ६२ पत्ते उरतात. ब्रेलच्या एका घरातील सहा टिंबांचा हिशेब आणि हा हिशेब एकाच गणिताचे आहेत. ज्याने बोटांनी ६४ आकृत्या ओळखल्या, त्याला हे गणित दुर्बोध वाटण्याचे कारण नाही.

मात्र एक भेद मान्य केला पाहिजे. डोळा आकृती एका दृष्टिक्षेपात घेतो, कान व बोटे एकामागून एक ओळ घेतात. यादी मनात जुळविण्यास वेळ लागतो. अंध उमेदवाराला जादा वेळ देतात त्याचे कारण हेच. त्यात दयेचा भाग नाही. मात्र जादा वेळ हा सर्व दोषांवरील उतारा नव्हे. ज्या बटणाला नाव नाही ते एका तासात जितके मुके असते, तितकेच दोन तासांतही मुके राहते.

६. माणूस वाचक की यंत्र वाचक?

परीक्षा घेणाऱ्या संस्था कित्येकदा स्क्रीन रीडरऐवजी एक माणूस देऊ करतात. तो प्रश्न वाचतो आणि उमेदवाराने सांगितलेले उत्तर टिपतो. ज्याची दृष्टी उतारवयात गेली व ज्याला यंत्राचा सराव नाही, त्याला ही व्यवस्था सोयीची वाटू शकेल. परंतु जो उमेदवार रोजचे काम स्क्रीन रीडरने करतो, त्याचे हातचे हत्यार काढून घेऊन त्याला अनोळखी हत्यार देण्यासारखे हे होते.

पायथन या संगणकभाषेचे उदाहरण पाहा. या भाषेत ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेला अर्थ असतो. ओळ चार घरे आत असेल, तर ती वरच्या आज्ञेच्या पोटात मोडते व त्या आज्ञेबरोबर पुन:पुन्हा चालते. मोकळी जागा नसेल, तर तीच ओळ अखेरीस एकदाच चालते. विषय न जाणणारा वाचक शब्द वाचील, रिकामी जागा वाचणार नाही. आणि उत्तर तर त्या रिकाम्या जागेतच असते. स्क्रीन रीडरला ही जागा मोजून सांगण्याची सूचना देता येते. शिवाय उमेदवार एकच ओळ दहा वेळा ऐकू शकतो, एकेक अक्षर सुटे करून पाहू शकतो आणि ब्रेल-पट्टीवर बोट फिरवून विरामचिन्हाची खात्री करू शकतो. माणसाला अकराव्यांदा वाचावयास सांगताना संकोच वाटतो. यंत्रापाशी हा संकोच नसतो.

या प्रश्नाचा कस अमेरिकेतील एका खटल्यात लागला. स्टेफनी एनयार्ट या विधिपदवीधर महिलेची दृष्टी नेत्रपटलाच्या विकाराने गेली होती. वकिलीच्या परीक्षांसाठी त्यांनी स्क्रीन रीडर व अक्षरे मोठी करून दाखविणारी आज्ञावली असलेला संगणक मागितला. परीक्षा तयार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने माणूस वाचक, जादा वेळ इत्यादी अन्य सोयी देऊ केल्या. मागितलेली सोय नाकारली. २०११ साली तेथील नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने एनयार्ट यांच्या बाजूने निर्णय दिला. परीक्षेच्या निकालात उमेदवाराचे अपंगत्व न उमटता त्याची योग्यताच उमटावी, याची उत्तम प्रकारे खात्री होईल अशी व्यवस्था हवी, असा त्या निर्णयाचा आशय आहे. परीक्षा वकिलीची होती, पण तत्त्व सर्व व्यवसायांना लागू पडणारे आहे.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप सुरक्षेचा. प्रश्नपत्रिका गुप्त राहिली पाहिजे हे निर्विवाद आहे. कारण फुटलेल्या परीक्षेच्या प्रमाणपत्राला अंधांच्या लेखीही किंमत नाही. परंतु यावर उपाय अवघड नाही. परीक्षाकेंद्राने स्वतःच्या संगणकावर तपासून घेतलेला स्क्रीन रीडर ठेवावा, बंदिस्त आज्ञावलीला त्याची ओळख करून द्यावी, आणि इतर सर्व मार्ग बंद ठेवावेत. पहारा उठवावयाचा नाही. कोणाला आत सोडावयाचे ते पहारेकऱ्याला सांगावयाचे.

दुसरा आक्षेप असा की, काही कामे खरोखरच डोळ्यांची असतात. हे अंशतः खरे आहे. जाळ्याच्या तारेच्या पोटात आठ रंगीत तारा असतात, आणि त्या ठरावीक रंगक्रमाने जोडाव्या लागतात. रंग बोटांना कळत नाही. तेथे रंग बोलून दाखविणारे उपकरण किंवा सहकाऱ्याची मदत हवी. परंतु तारेच्या टोकाचा जोड ओळखा, असा प्रश्न असेल तर चित्राऐवजी प्रत्यक्ष जोडच हाती द्यावा. तो बोटांना लगेच कळतो, आणि कामाच्या जागीही तो हातीच घ्यावयाचा असतो. म्हणजे ‘हे दृश्य आहे’ एवढे म्हणून थांबता येत नाही. दृष्टी ही कामाची गरज आहे की केवळ प्रश्न मांडण्याची सवय आहे, हे प्रत्येक प्रश्नागणिक तपासावे लागते.

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी कर्टिन विद्यापीठात या शतकाच्या पहिल्या दशकात अशी तपासणी प्रत्यक्ष अध्यापनात झाली. सिस्को कंपनीचा जाळेविषयक अभ्यासक्रम अंध विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी तेथे स्वतंत्र वर्ग चालविण्यात आला. मूळ पाठ चित्रे व हालत्या आकृत्या यांवर आधारलेले होते. त्यांना शब्दांतील वर्णनाची जोड देण्यात आली, आणि स्क्रीन रीडरने वापरता येईल असे जाळ्याचे एक अनुकृति-साधनही तयार करण्यात आले. अभ्यासक्रमाचा दर्जा खाली न आणता त्याचे रूप बदलता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

८. नियम आणि कायदे

वेबपृष्ठे सर्वांना वापरता यावीत यासाठी जागतिक वेब संघाने १९९९ साली मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. त्यांची दुसरी आवृत्ती २००८ साली, आणि तिची २.२ ही सुधारित आवृत्ती २०२३ साली निघाली. प्रत्येक चित्राला शब्दपर्याय असावा, प्रत्येक क्रिया कळफलकावरून करता यावी, प्रत्येक बटणाचे नाव व कार्य यंत्राला कळावे, हे त्यांतील मूलभूत नियम आहेत. जे चित्र शब्दांत मांडल्याने परीक्षेचा प्रश्नच निरर्थक होईल, त्याला नियमांत अपवाद आहे. पण तेथेही ते चित्र कशाचे आहे, एवढे तरी सांगावेच लागते.

अमेरिकेच्या १९९० च्या अपंगविषयक कायद्यानुसार, व्यवसायाचा परवाना किंवा प्रमाणपत्र देणाऱ्या परीक्षा अपंग व्यक्तींना देता येतील अशा जागी व अशा रीतीने घ्याव्या लागतात, अथवा पर्यायी व्यवस्था करावी लागते. संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, आणि भारताने २००७ साली त्याला मान्यता दिली. त्याला अनुसरून झालेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आला. केंद्र शासनाच्या २०१८ च्या सूचनांत परीक्षेच्या प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ, लेखनिकाची सोय, आणि संगणकावरील परीक्षेच्या आदल्या दिवशी तो संगणक तपासून पाहण्याची मुभा या गोष्टी सांगितल्या होत्या. ही शेवटची तरतूद साधी, पण फार शहाणपणाची आहे. आदल्या दिवशी आढळलेला दोष दुरुस्त करता येतो. ऐन परीक्षेत आढळलेला दोष उमेदवाराचे वर्ष खातो.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात, प्रत्येक व्यक्तीची गरज वेगळी असल्याने सोयही त्या व्यक्तीला अनुरूप असावी, असा दृष्टिकोन स्वीकारला. ३० एप्रिल २०२५ रोजीच्या आणखी एका निर्णयात, संगणकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. व्यावसायिक कंपन्यांच्या परीक्षांत मात्र उमेदवाराला त्या त्या कंपनीच्या नियमांनुसार आधी अर्ज करावा लागतो, अपंगत्वाचा दाखला जोडावा लागतो, आणि मंजुरीची वाट पाहावी लागते. डोळस उमेदवार परीक्षेचा दिवस निवडतो. अंध उमेदवाराला तो दिला जाईपर्यंत थांबावे लागते. परीक्षेची मूळ रचनाच सुगम्य असेल, तर या अर्जांपैकी पुष्कळसे अनावश्यक ठरतील.

९. उपसंहार

पायऱ्या असलेल्या इमारतीला मागाहून उतार बांधणे खर्चाचे असते. नकाशातच उतार दाखविला तर खर्च नाममात्र येतो. परीक्षेचेही तसेच आहे. प्रश्न लिहिणाऱ्याने लिहितानाच ‘मी काय मोजतो आहे?’ असे स्वतःला विचारले, बटणांना नावे दिली, आकृतीबरोबर यादी जोडली, आणि परीक्षा सुरू करण्यापूर्वी अंध जाणकारांकडून ती तपासून घेतली, तर बहुतेक अडथळे उभेच राहणार नाहीत. अंध उमेदवार सोप्या प्रश्नांची मागणी करीत नाही. प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचावा, एवढीच त्याची मागणी आहे. तो पोहोचल्यावर उत्तर चुकले, तर नापास होण्याचा अधिकार त्यालाही इतरांइतकाच आहे.

करून पाहा

अँड्रॉइड प्रकारच्या भ्रमणध्वनीत ‘टॉकबॅक’ नावाचा स्क्रीन रीडर असतो. शिक्षकांच्या देखरेखीखाली तो सुरू करा. बंद कसा करावयाचा ते मात्र आधी समजून घ्या. पडद्यावर कागद झाकून, उजवीकडे बोट सरकवीत पुढील वस्तूवर जा आणि दोनदा टिचकी मारून ती निवडा. एखाद्या संकेतस्थळावरील अर्ज या रीतीने भरण्याचा प्रयत्न करा. कोणत्या बटणांना नावे होती व कोणती मुकी होती, याची नोंद ठेवा. नवशिक्याला जी अडचण वाटते ती सरावलेल्या अंध व्यक्तीला वाटत नाही. म्हणून या प्रयोगावरून अंधांच्या कुवतीविषयी अनुमान काढू नये. परीक्षण करावयाचे ते पानाच्या रचनेचे.

अभ्यास

१. ‘अ’ या अक्षराची तीन रूपे कोणती, आणि ती एकाच गोष्टीची रूपे आहेत असे का म्हणता येते?

२. उपसर्ग २७ अंकांचा असल्यास यंत्रांना देण्यासाठी किती पत्ते उरतील?

३. तासामागे २० मिनिटे या प्रमाणाने ७५ मिनिटांच्या परीक्षेला जादा वेळ किती मिळेल?

४. आपल्या पाठ्यपुस्तकातील एक आकृती निवडा. ती न पाहणाऱ्याला तिच्यावरील प्रश्न सोडविता येईल असे तिचे वर्णन शब्दांत लिहा, व ते वर्गमित्राला वाचून दाखवून पारखून घ्या.

५. आपल्या शाळेच्या एखाद्या प्रश्नपत्रिकेतील कोणता प्रश्न ज्ञानाबरोबर दृष्टीचीही परीक्षा घेतो? तो कसा बदलता येईल?